आठ सेकंदांचा पडदा

दुसरं महायुद्ध संपल्यावर अमेरिकेत रडारचे सुटे भाग ढिगाने विकायला निघाले. त्यांत ‘५एफपी७’ नावाची एक पिक्चर ट्यूब होती. तोंड गोल, पाच इंचांचं, मागे लांब मान. घरगुती टीव्हीला ती काहीच कामाची नव्हती, कारण तिच्यावर उमटलेलं चित्र लवकर पुसलंच जात नसे. पडद्यावरचा माणूस चालू लागला की मागे त्याची भुतावळ रेंगाळायची. रडारला मात्र नेमकं तेच हवं असतं. अँटेना सावकाश फिरते, विमानाचा ठिपका एकदा उमटतो आणि पुढचा फेरा येईपर्यंत तो दिसत राहावा लागतो.

नावातला ‘पी७’ म्हणजे काचेच्या आतल्या चकाकणाऱ्या लेपाची जात. हा लेप दोन थरांचा. इलेक्ट्रॉनांचा झोत आतल्या थरावर आदळला की निळसर झळक उठते आणि लगेच विझते. त्या निळ्या उजेडाने काचेलगतचा दुसरा थर जागा होतो आणि पिवळट-हिरवा होऊन काही सेकंद धुमसत राहतो. समोर नारिंगी काच लावली की निळी झळक अडते आणि मागे रेंगाळणारा उजेड तेवढा दिसतो. खोलीत अंधार हवा, ही अट आलीच.

हौशी लोकांनी पुढे घरच्या घरी जे ‘स्लो-स्कॅन टेलिव्हिजन’ (साध्या बोलण्याच्या रेडिओवरून सावकाश एकेक चित्र पाठवायचं तंत्र) उभं केलं, त्याच्या घराण्याचा मागोवा काढताना मी फिरून फिरून या ट्यूबपाशीच येतो. त्या तंत्रातले आकडे कागदावर फार सुबक दिसतात, पण त्यांतले बहुतेक कुणी ठरवून निवडलेले नाहीत. कुठला टेलिफोनने घालून दिलेला, कुठला वीज कंपनीने, तर कुठला मिलिटरी डिस्पोजलच्या मालाने.

तारेवरून चित्र पाठवायची कल्पना टेलिफोनहून जुनी आहे. स्कॉटिश घड्याळजी अलेक्झांडर बेनने १८४३ साली त्याचं पेटंट घेतलं. इटालियन पाद्री जोव्हान्नी कासेल्लीचं पँटेलिग्राफ यंत्र १८६५ पासून पॅरिस ते लिऑन तारेवर लोकांच्या सह्या आणि रेखाटनं पोचवत होतं. पण ही फॅक्सची शाखा, तिला कागद लागतो. आपल्याला हवी ती पडद्याची शाखा, आणि तिच्यातला ओळखीचा पूर्वज म्हणजे जॉन लोगी बेअर्ड. त्याचं टीव्ही अवघ्या ३० ओळींचं होतं. ओळी इतक्या थोड्या, की चित्राचा संदेश साध्या मध्यम लहरींच्या रेडिओवरून जाऊ शकत होता. बीबीसीने १९२९ ते १९३५ ही चित्रं प्रक्षेपित केली. त्याआधीच बेअर्डने ती ग्रामोफोनच्या तबकडीवर नोंदवूनही पाहिली होती. चित्र आणि ध्वनी एकाच वाटेने जाऊ शकतात हे तेव्हाच सिद्ध झालं होतं.

मग ओळी वाढत गेल्या. ब्रिटनमध्ये १९३६ ला ४०५, अमेरिकेत १९४१ ला ५२५. चित्र देखणं झालं, पण त्याला जागाही फार लागू लागली. अमेरिकेत टीव्हीच्या एका वाहिनीला ६ मेगाहर्ट्‌झ रुंदीचा पट्टा लागतो. माणसाचं बोलणं समजेल इतपत पोचवायला ३ किलोहर्ट्‌झ पुरतात. म्हणजे एका टीव्ही वाहिनीच्या जागेत दोन हजार संभाषणं मावतील. त्यामुळे हॅम लोकांना, म्हणजे परवाना घेऊन हौसेखातर रेडिओ चालवणाऱ्यांना, पूर्ण वेगाचं टीव्ही फक्त ४२० मेगाहर्ट्‌झच्या वर करायची मुभा होती. तिथल्या लहरी साधारण क्षितिजापर्यंत जातात. आयनांबरावर उसळी घेऊन समुद्र ओलांडणाऱ्या लघुलहरींवर टीव्हीला जागाच नव्हती.

१९५७ साली केंटकी विद्यापीठात कॉप्थॉर्न मॅकडॉनल्ड नावाचा विद्यार्थी विद्युत अभियांत्रिकी शिकत होता. तोही हॅम. कॉलेजच्या ग्रंथालयात बेल प्रयोगशाळेच्या ‘पिक्चरफोन’बद्दलचा मजकूर त्याच्या वाचनात आला. साध्या टेलिफोनच्या तारेवरून दर दोन सेकंदांना एक चित्र, असा तो प्रयोग. टेलिफोनच्या तारेवरून जे जातं ते हॅमच्या बोलण्याच्या पट्ट्यातूनही जायला हवं, हे त्याच्या ध्यानात आलं. बेलवाल्यांकडे पैसा होता आणि चित्र साठवायची साधनंही. या पोराच्या हाताशी होती पी७ लेपाची डिस्पोजल ट्यूब.

तिथून पुढचा हिशेब साधा होता. पी७ वर चित्र किती वेळ टिकतं? अंधारात, मन मोठं केलं तर, सात-आठ सेकंद. तेवढ्यात वरून खालपर्यंत पूर्ण चित्र रंगवून व्हायला हवं, नाही तर तळ गाठेपर्यंत माथा विझलेला असायचा. म्हणून एका चित्राला ८ सेकंद. ओळींची चाल कशावर बांधायची? भिंतीतल्या खोक्यात वीज ६० हर्ट्‌झने नाचतच असते. तिला चारने भागलं की १५. सेकंदाला १५ ओळी, ८ सेकंदांत १२० ओळी. ट्यूबचं तोंड गोल, आणि गोलात मावणारा सर्वांत मोठा आयत म्हणजे चौरस, म्हणून चित्रही चौरस: १२० ओळी आणि प्रत्येक ओळीत १२० ठिपके. एका चित्राचे १४,४०० ठिपके ८ सेकंदांत पाठवायचे म्हणजे सेकंदाला १,८००. याला ९०० हर्ट्‌झची चाल पुरते, आणि बोलण्याच्या पट्ट्यात ती आरामात बसते.

युरोपात वीज ५० हर्ट्‌झची. तिथल्या लोकांनी तिला तीनने भागलं, १६⅔ आले. त्यांची १२० ओळींची चित्रं ७.२ सेकंदांत पुरी व्हायची. एकाच तंत्राच्या या दोन बोली, त्याही विजेच्या खांबांनी ठरवलेल्या. गंमत म्हणजे त्यामुळे कुणाचं काही अडलं नाही, कारण मॉनिटर स्वतःचं घड्याळ ठेवत नसे. समोरून ओळ संपल्याची खूण आली की तो पुढच्या ओळीला लागायचा.

अमेरिकन हॅम संघटनेच्या ‘क्यूएसटी’ या मासिकात १९५८ च्या ऑगस्ट आणि सप्टेंबर अंकांत मॅकडॉनल्डने आपलं तंत्र छापलं. प्रयोगांना परवानगी मिळाली ती ११ मीटरच्या पट्ट्यावर, जो पुढे ‘सिटिझन्स बँड’वाल्यांकडे गेला. १९५९ च्या डिसेंबरात त्याची चित्रं अटलांटिक ओलांडून इंग्लंडमध्ये जॉन प्लाउमन या हॅमच्या पडद्यावर उमटली. त्याच वर्षी सप्टेंबरात दिल्लीत प्रायोगिक टीव्ही सुरू झालं होतं. मुंबईला ते यायला २ ऑक्टोबर १९७२ उजाडावा लागला.

पहिल्या तंत्रात एक खोट होती. त्यात २,००० हर्ट्‌झची शिट्टी होती आणि चित्राचा उजेड-अंधार त्या शिट्टीच्या जोरावर ठरत होता. लघुलहरींवर संदेशाचा जोर कधीच स्थिर राहत नाही. आपण रात्री रेडिओ सिलोन लावायचो तेव्हा गाणं जसं भरून यायचं आणि ओसरायचं, तसंच हे. आवाज ओसरला की गोरा चेहरा काळवंडायचा. १९६१ मध्ये मॅकडॉनल्डने तंत्र बदललं. शिट्टीचा जोर कितीही असो, तिची पट्टी काय ते बघायचं. १,५०० हर्ट्‌झ म्हणजे काळा, २,३०० म्हणजे पांढरा, मधल्या सगळ्या करड्या छटा, आणि काळ्याच्याही खाली १,२०० म्हणजे ओळ किंवा चित्र संपल्याची खूण. लोक १९५८ हे या विषयाचं जन्मवर्ष मानतात. मला विचाराल तर खरं बारसं १९६१ चं. ट्यूब गेल्या, ट्रान्झिस्टर आले, चिप आल्या, रंग आले, पण १,२००, १,५०० आणि २,३०० हे तीन आकडे नेहमीच्या पद्धतींत आजवर कुणी हलवलेले नाहीत.

या आकड्यांशी जरा खेळून पाहावं. ओळ संपल्याची खूण ५ मिलिसेकंदांची, म्हणजे १,२०० हर्ट्‌झची जेमतेम सहा आवर्तनं. चित्र संपल्याची खूण ३० मिलिसेकंदांची, छत्तीस आवर्तनं. आणि एका ठिपक्याच्या वाट्याला येतो अर्धा मिलिसेकंद. काळ्या ठिपक्याला शिट्टीचं धड एक आवर्तनही मिळत नाही, पांढऱ्याला एकाहून किंचित जास्त. इतक्या काटकसरीवर माणसाचा चेहरा ओळखू येतो याचं मला आजही नवल वाटतं.

अमेरिकी सरकारने १९६८ मध्ये लघुलहरींच्या हॅम पट्ट्यांवर या तंत्राला कायमची मंजुरी दिली, तोवर दहा वर्षं उलटली होती. मॅकडॉनल्डने १९६४ मध्ये ‘क्यूएसटी’त घरी बांधता येईल असा आटोपशीर मॉनिटर छापला होता, तो आता लोक मनावर घेऊ लागले. पुढच्या सात-आठ वर्षांत कितीतरी गॅरेजांत आणि तळघरांत हे डबे तयार झाले. आपल्याकडे मुंबईच्या लॅमिंग्टन रोडच्या गाळ्यांतून किंवा पुण्याच्या जुन्या बाजारातून सुटे भाग वेचून रेडिओ बांधणाऱ्या पिढीला ही जात लगेच ओळखू येईल: ॲल्युमिनियमची चॅसी, हाताने पाडलेली भोकं, डब्याच्या तोंडावर नारिंगी काच आणि तिच्याभोवती उजेड अडवायला पुठ्ठ्याचा टोप.

या डब्याच्या आत डोकावलं की कळतं, टीव्ही दुरुस्त करणाऱ्या माणसाला तो का जमला नसता. रेडिओच्या स्पीकरला जाणारा आवाज आत येतो. पहिलं काम त्याची डोकी छाटायचं. जोरदार असो की क्षीण, सगळ्या लाटा एका उंचीच्या केल्या जातात, म्हणजे मघाचं ओसरणं निकालात निघतं. मग शिट्टीच्या पट्टीचं व्होल्टेज होतं आणि ते ट्यूबच्या ग्रिडवर जाऊन ठिपक्याचा उजेड ठरवतं. दुसरी वाट १,२०० हर्ट्‌झच्या गाळणीतून जाते. यासाठी टेलिफोन कंपन्यांनी लांबच्या तारांवरून काढून टाकलेली ८८ मिलिहेन्रीची गोल वेटोळी हॅम लोकांच्या खणांत पडलेली असत, त्यांचा उपयोग व्हायचा. गाळणीतून खूण निघाली की झोत डावीकडे परत जातो.

इथवर ठीक. खरी अडचण होती संथपणाचीच. टीव्हीमध्ये झोत आडवा ओढणारं सर्किट सेकंदाला पंधरा हजारांहून जास्त वेळा उसळतं आणि त्या उसळीतूनच ट्यूबला लागणारं उच्च दाबाचं व्होल्टेज फुकटात तयार होतं. इथे उसळी सेकंदाला पंधरा. तीतून काही निघायचं नाही, म्हणून काही हजार व्होल्टचा वेगळा पुरवठा बांधायचा. उभ्या दिशेचं तर विचारूच नका. वरून खाली उतरायला झोताला आठ सेकंद लागतात. इतका संथ संदेश ट्रान्सफॉर्मरमधून जात नाही, कपलिंग कंडेन्सरमधून जात नाही. मग पहिल्या टप्प्यापासून डिफ्लेक्शन कॉइलपर्यंत सगळे ॲम्प्लिफायर एकमेकांना थेट जोडलेले. एक ट्रान्झिस्टर तापून जरासा सरकला की चित्र हळूहळू पडद्याबाहेर चालू लागतं. आणि काही बिघडून झोत एका जागी थांबलाच, तर तेवढी जागा कायमची जळून जाते. जुन्या डब्यांमधल्या कितीतरी ट्यूबांवर असे तपकिरी डाग आहेत.

चित्र संपल्याची खूण गोंगाटात हरवली तर नवं चित्र वरून सुरू व्हायच्या ऐवजी झोत तळाशीच अडून राही. त्यासाठी डब्याच्या तोंडावर एक बटण असायचं. माणूस कान देऊन बसायचा आणि शिट्टीचा सूर क्षणभर खाली आला की बटण दाबायचा. सवय झालेल्यांना नुसत्या आवाजावरून कळायचं, समोर चेहरा आहे की अक्षरांची पाटी. पाटी असली की ओळीमागून ओळ एकसारखी किरकिरते, चेहऱ्यात चढउतार असतात.

पाठवायची बाजू त्याहून कल्पक. कॅमेऱ्याची व्हिडिकॉन ट्यूब महाग, म्हणून बहुतेकांनी उलटी युक्ती केली. एका दुसऱ्या, झटकन विझणाऱ्या पडद्यावर उजेडाचा ठिपका ओळीओळीने फिरवायचा, त्याच्या समोर फोटो किंवा पाटी ठेवायची आणि फोटोवरून परतणारा उजेड मोजायचा. मोजायला ‘९३१ए’ नावाची फोटोमल्टिप्लायर ट्यूब. तीही युद्धातलीच. शत्रूचं रडार आंधळं करणाऱ्या यंत्रांत गोंगाट पैदा करायला ती वापरली होती, आणि युद्धानंतर तिचेही ढीग लागले. एकाच घरात दाखवणारी ट्यूब रडारची आणि पाहणारी रडारच्या वैऱ्याची.

या फिरत्या ठिपक्यापुढे जिवंत माणूस बसवता येत नसे. म्हणून त्या काळची चित्रं पाहावीत तर सगळीकडे पाट्याच पाट्या: आपला कॉलसाइन (परवान्यावरचं सांकेतिक नाव), गावाचं नाव, हवामान, नातवाचा फोटो, कुत्र्याचा फोटो. १४.२३० मेगाहर्ट्‌झ ही भेटायची जागा ठरली. आधी बोलायचं, ‘आता चित्र पाठवतो’ म्हणायचं, तीच पाटी तीन-चारदा फिरवायची आणि पुन्हा बोलायचं. पडद्यावरचं चित्र तर टिकत नाही, मग जपायचं कसं? चित्र म्हणजे आवाजच. शेजारी टेपरेकॉर्डर चालू ठेवला की झालं. लोकांनी परदेशी मित्रांची चित्रं स्पूलवर आणि नंतर कॅसेटवर भरून ठेवली. गंमत पुढे आहे: ज्या मॉनिटरवर ती पाहिली तो केव्हाच भंगारात गेला, पण ती कॅसेट आज संगणकाला ऐकवली तर चित्र त्या वेळच्या पडद्यापेक्षा स्वच्छ निघतं, कारण आवाज नीट नोंदला गेला होता, कमी पडत होता तो पडदा.

धंदा म्हणून यात सर्वांत पुढे गेली सॅन दिएगोची ‘रोबो रिसर्च’ ही कंपनी. १९७० च्या सुमारास तिचा ‘मॉडेल ७०’ मॉनिटर आणि ‘मॉडेल ८०’ कॅमेरा बाजारात आले आणि ज्यांना सोल्डरिंगचा कंटाळा त्यांचीही सोय झाली. १९७२ मध्ये डॉन मिलर आणि राल्फ टॅगर्ट यांचं ‘स्लो स्कॅन टेलिव्हिजन हँडबुक’ आलं. रंगाचे प्रयोगही सुरू होते, तेही याच एकरंगी ट्यूबवर. लाल, हिरवा आणि निळा फिल्टर लावून एकच फोटो तीनदा पाठवायचा आणि पलीकडच्याने पडद्यापुढे कॅमेरा रोवून, तसेच फिल्टर बदलत, एकाच फिल्मवर तीन वेळा छाप घ्यायचा. तेवढ्यात कुणी टेबलाला धक्का दिला तर नाक निळं आणि गाल हिरवे.

चंद्रावरून जुलै १९६९ मध्ये जे दिसलं त्यालाही ‘स्लो-स्कॅन’ म्हणतात. ते आपल्या घराण्यातलं नव्हे, पण भाऊबंद म्हणायला हरकत नाही. अपोलो ११ चा कॅमेरा सेकंदाला १० चित्रं, प्रत्येकी ३२० ओळींची, पाठवत होता. घरोघरचे टीव्ही ती दाखवू शकत नव्हते. मग पृथ्वीवरच्या केंद्रांत काय केलं? खास मॉनिटरवर चित्र उमटवलं आणि त्या पडद्यापुढे नेहमीचा टीव्ही कॅमेरा उभा केला. म्हणजे हॅम लोक घरी जे करत होते तेच, फक्त मोठ्या खर्चाने. पुढे १९७६ मध्ये व्हायकिंग मंगळावर उतरलं तेव्हा जेट प्रोपल्शन लॅबोरेटरीच्या हॅम क्लबने तिथली चित्रं याच मंद पद्धतीने लघुलहरींवर सोडली.

मॉनिटरचा अंत चिपमुळे झाला. सत्तरच्या दशकाच्या उत्तरार्धात ‘रोबो ४००’ आला. त्याला पडदाच नव्हता. आलेलं चित्र तो आत साठवायचा आणि साध्या टीव्हीला पुरवायचा. १२८ ओळी, १२८ ठिपके, करड्याच्या १६ छटा, म्हणजे ६५,५३६ बिट. आज हसू येईल, पण त्या काळात एका मेमरी चिपमध्ये ४,०९६ बिट मावत. खोलीतला दिवा लावून चित्र बघता येऊ लागलं, तेही न पुसता, हवा तेवढा वेळ. जे काम चकाकणाऱ्या लेपाकडे होतं ते सिलिकॉनकडे गेलं, आणि त्याबरोबर आठ सेकंदांचं बंधनही सुटलं. लेप विझायची भीती नसेल तर घाई कशाला? चित्राला अर्धा मिनिट द्या, दोन मिनिटं द्या.

म्हणून १९८४ च्या ‘रोबो १२००सी’पासून पुढची सगळी पिढी आधीच्याहून संथ आहे. वेग वाढत जाण्याच्या काळात एक तंत्र मुद्दाम मंद होत गेलं, याचं दुसरं उदाहरण मला तरी आठवत नाही. ‘रोबो ३६’ रंगीत चित्राला ३६ सेकंद घेतं. मार्टिन एमर्सन या इंग्लिश हॅमचं ‘मार्टिन १’ ११४ सेकंद घेतं, स्कॉटलंडच्या एडी मर्फीचं ‘स्कॉटी १’ सुमारे ११० सेकंद. वेळ मिळाला म्हणून ठिपके वाढले, रंग आले. विजेच्या ६० हर्ट्‌झला चारने भागायची गरजही उरली नाही, स्फटिकाचं घड्याळ आलं. हे घड्याळ इतकं नेमकं, की नव्या पद्धतीत प्रत्येक ओळीची खूण मिळायलाच हवी असं राहिलं नाही. गोंगाटात दहा खुणा हरवल्या तरी ओळी जागच्या जागी पडतात. जुन्या मॉनिटरवर खूण चुकली की ओळ भरकटायची आणि चेहऱ्याला दातेरी कड यायची. नव्यांत दोन्हीकडची घड्याळं जराशी वेगळी असली की अख्खं चित्र तिरपं होतं, वाऱ्याने वाकलेल्या झाडासारखं.

पद्धती इतक्या झाल्या तर यंत्राला कळणार कसं की आता कुठली येतेय? त्याचं उत्तर १२००सी बरोबरच आलं. चित्राआधी १,९०० हर्ट्‌झचा ठाम सूर येतो, मध्ये सूक्ष्म खंड पडतो, पुन्हा तोच सूर, आणि मग ३०-३० मिलिसेकंदांचे तुकडे: १,१०० म्हणजे एक, १,३०० म्हणजे शून्य. त्या सात बिटांत पद्धतीचा क्रमांक असतो. कानाला ते एखाद्या पक्ष्याने पटकन काहीतरी सांगून जावं तसं वाटतं. पूर्वी माणूस तोंडाने ‘आता चित्र पाठवतो’ म्हणायचा, ते काम या चिवचिवाटाकडे आलं.

अंतराळातही हे तंत्र गेलं. १९८५ मध्ये चॅलेंजर शटलमधून अंतराळवीर टोनी इंग्लंडने १२००सी वापरून चित्रांची देवाणघेवाण केली. नंतर मात्र तो महागडा डबाही लागेनासा झाला. नव्वदच्या दशकात जर्मनीतून आलेल्या ‘जेव्हीफॅक्स’ या संगणक-प्रणालीला ७४१ नंबरची एक ऑपॲम्प चिप आणि काही किरकोळ सुटे भाग पुरत. त्यांना लागणारी वीजही संगणकाच्या सीरियल पोर्टमधूनच चोरायची. मग साउंड कार्ड आलं, आणि जपानच्या माकोतो मोरीने ‘एमएमएसएसटीव्ही’ ही प्रणाली फुकट वाटली. आता फोन रेडिओजवळ नुसता धरला तरी काम भागतं.

महाराष्ट्रातल्या पोरांची या घराण्याशी गाठ पडते ती बहुधा इथे. आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकावरून अधूनमधून, काही निमित्त साधून, १४५.८०० मेगाहर्ट्‌झवर चित्रं पाठवली जातात. पद्धत बहुतेक वेळा ‘पीडी१२०’, एका चित्राला सव्वादोन मिनिटांहून जरा कमी. स्थानक डोक्यावरून जायला साधारण दहा मिनिटं घेतं, तेवढ्यात दोन-तीन चित्रं पदरात पडू शकतात. गच्चीवर हातातला छोटा सेट, मोजपट्टीच्या पात्याची अँटेना, फोनवर मोफत ॲप. पाण्याच्या टाकीमागे उभं राहिलात तर अर्ध्या चित्राची वाळू होते, हे मी सांगून ठेवतो. उगवताना चित्राचा माथा मुंग्यांनी भरलेला, मध्यावर लख्ख, मावळताना पुन्हा मुंग्या. संदेशाचा जोर कसा चढला-उतरला त्याचा तो आलेखच.

जुन्या मॉनिटरला हे चित्र समजत नाही. तो दर सहासष्ट मिलिसेकंदांनी खुणेची वाट पाहणार, आणि ‘पीडी१२०’मध्ये ती अर्ध्या सेकंदाहून जास्त वेळाने येते. पडद्यावर नुसत्या पट्ट्या सरकतील. पण संगणकावरच्या बऱ्याच प्रणालींच्या यादीत, मार्टिन आणि स्कॉटीच्या खाली, आठ सेकंदांचं कृष्णधवल अजून ठेवलेलं असतं. त्या पद्धतीचा आवाज इअरफोनच्या खोबणीतून काढून ‘मॉडेल ७०’च्या किंवा कुणाच्या आजोबांनी बांधलेल्या डब्याच्या आत सोडला तर तो बिनतक्रार चित्र काढतो, कारण १,२०० म्हणजे खूण, १,५०० म्हणजे काळा आणि २,३०० म्हणजे पांढरा, हा करार त्याच्या बाजूने अजून चालू आहे. एवढंच, की आधी सुकलेले इलेक्ट्रोलिटिक कंडेन्सर बदलून घ्यावेत, उच्च दाबाच्या पुरवठ्याला हात लावण्यापूर्वी तो नीट रिकामा करावा आणि ब्राइटनेसचं बटण शून्यावर ठेवूनच स्विच दाबावा. पी७ ची नवी ट्यूब आता सहजी मिळत नाही.